“गुपचूप प्रयोग” होतात का? नोंद मोबाइलवर पाहता येते

“सरकारी दवाखान्यात गरिबांवर नव्या औषधांचे प्रयोग गुपचूप होतात, कुठंच नोंद नसते.” हा मेसेज गडचिरोली-चंद्रपूरकडच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतो. भीती उगाच नाही. पूर्वी खेड्यातल्या माणसाला ही माहिती कुठं पाहावी हेच ठाऊक नसायचं. पण नोंद नसते, हे खरं नाही.

नव्या औषधाच्या चाचणीला आधी नैतिकता समितीची, म्हणजे भाग घेणाऱ्या माणसांचे हक्क आणि सुरक्षितता पाहणाऱ्या समितीची, मंजुरी लागते. २०१९ च्या नियमांनुसार समितीत किमान ७ जण हवेत, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे. शिवाय १५ जून २००९ पासून अशा चाचणीची नोंद देशाच्या सीटीआरआय (CTRI) या ऑनलाइन नोंदवहीत करणं बंधनकारक आहे.

ती कुणालाही फुकट पाहता येते. समजा, घरातल्या सिकलसेलच्या पेशंटला चाचणीत घ्यायचं म्हणतात. डॉक्टरांना नोंदणी क्रमांक मागा: आधी सीटीआरआय, मग वर्ष, महिना, आकडा. तो शोधला की चाचणी कुठं चालली आहे, कोणत्या समितीनं मंजुरी दिली, चौकशीचा फोन कोणता, सगळं दिसतं. पान इंग्रजीत असतं. हे बदलायलाच हवं. तोवर कॉलेजात शिकणाऱ्या पोरीला सोबत बसवा.

नोंद आहे म्हणून औषध सुरक्षित ठरत नाही, हेही ध्यानात ठेवा. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर सगळं समजावून सांगावं लागतं. संमतीचा अंगठा दिल्यावरही चाचणीतून कधीही बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलात म्हणून तुमचे नेहमीचे उपचार कुणाला थांबवता येत नाहीत. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली, तर अंगठा देऊ नका.