मुलांमधील नैराश्य व चिंताविकार : ओळख आणि बडोद्याचा संदर्भ

नैराश्य व चिंताविकार हे लहान वयातही होणारे आणि उपचारांनी बरे होऊ शकणारे आजार आहेत. निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलामुलींत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. घरच्यांच्या हे आजार उशिरा लक्षात येतात, कारण मोठ्या माणसांची लक्षणे मुलांत शोधली जातात.

नैराश्य आलेले मूल रडवेले दिसेलच असे नाही. चिडचिड, उलट उत्तरे, भावंडांशी रोजची भांडणे ही त्याची नेहमीची रूपे आहेत; निदानाच्या निकषांतही मुलांच्या बाबतीत उदासीच्या जागी चिडचिडेपणा धरला जातो. दुसरी मोठी खूण म्हणजे आवडत्या गोष्टींतला रस जाणे. दरवर्षी गरब्याला उतावीळ असणारी मुलगी यंदा चनियाचोळी कपाटातून काढतच नाही, जुम्मादादा व्यायाम मंदिरात नेमाने जाणारा मुलगा कारण न सांगता जाणे सोडतो, उत्तरायणाला (संक्रांतीला) पतंग उडवायला गच्चीवरही येत नाही. एवढ्यावरून काही ठरत नाही. किशोरवयात आवडी बदलतातच. पण झोप, भूक, एकाग्रता आणि मैत्रीही त्याबरोबर बिघडली आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, तर तपासणी हवी. तुलना करायची ती त्या मुलाच्या पूर्वीच्या वागण्याशी, आतेभावाच्या टक्केवारीशी नव्हे.

चिंता बहुधा शरीरातून बोलते. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखते, मळमळते. दुपारपर्यंत सारे शांत होते आणि दिवाळीच्या सुट्टीत तक्रारच नसते. या नियमितपणामुळे ‘नाटक’ असा शिक्का बसतो, पण दुखणे खरेच असते. मुलाला घरी ठेवले की लगेच बरे वाटते आणि शाळेची भीती मात्र आणखी घट्ट होते. सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते शांत, ‘गुणी’ मुलाकडे. अक्षर मनासारखे येईना म्हणून पान पुन्हा पुन्हा खोडणाऱ्या, प्रत्येक उत्तरानंतर ‘बरोबर आहे ना?’ विचारणाऱ्या मुलाचे कौतुकच होते, कारण त्याचा कुणाला त्रास नसतो.

बडोद्यातल्या मराठी मुलांबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत बहुधा इंग्रजी. घरी भरभरून बोलणारे मूल शाळेत तोंडही उघडत नसेल, तर ‘अजून भाषा जमत नाही’ असे शिक्षक समजतात, आणि कित्येकदा ते खरेही असते. परंतु शाळेचा पहिला महिना सोडून हे मौन महिन्याहून जास्त टिकले, आणि भाषा कळत असूनही टिकले, तर तो निवडक मौन हा चिंताविकार असू शकतो. अशा मुलाला सर्वांसमोर बोलायला लावणे हा उपाय नाही. समुपदेशकानेही मुलाशी ते ज्या भाषेत मोकळे होते त्याच भाषेत बोलावे. काही मुले मनातले गुजरातीतच सांगतात.

पालकांपासून दूर होण्याची अतिभीती चार आठवडे, तर सर्वच बाबींची अनावर काळजी सहा महिने टिकल्यास ती विकारात मोजतात. रक्तक्षय, थायरॉईडचे दोष, शाकाहारी घरांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांनीही थकवा व उदासी येते, म्हणून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जाणे योग्य. अध्ययन-अक्षमता, शाळेतील छळ आणि लैंगिक अत्याचार यांची चौकशी टाळू नये. आजीने मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली तर अपाय नाही. तेवढ्यावर तपासणी लांबणीवर पडणे मात्र धोक्याचे.

‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे मूल म्हणाले, अंगावर कापल्याच्या खुणा दिसल्या किंवा त्याने आवडत्या वस्तू वाटून टाकल्या, तर त्याच दिवशी मदत घ्यावी. मरणाचे विचार येतात का, हे स्पष्ट विचारल्याने ते मनात भरत नाहीत. विचारले की मूल बहुधा सुटकेने बोलू लागते. सयाजीराव रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे आणि कारेलीबागेत शासकीय मानसिक आरोग्य रुग्णालय. तिथली पायरी चढायला संकोच वाटत असल्यास २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य मिळते. संकटातील मुलांसाठी १०९८ आहे. उपचारांत विचार व वर्तन यांवर काम करणारी समुपदेशन-पद्धत आधी वापरतात. औषधे गरजेनुसार दिली जातात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत मुलावर बारीक लक्ष ठेवावे लागते.