लोकेश्वर बांधणारी लोकमहादेवी

बदामी-ऐहोळेच्या सहलीला गेलेली मंडळी पट्टदकल बहुधा तासाभरात उरकतात. विरूपाक्षाच्या देवळासमोरच्या काळ्याभोर नंदीपाशी फोटो काढायचे आणि गाडीत बसायचे. मलप्रभेकाठचे हे देऊळ लोकमहादेवी नावाच्या राणीने बांधवून घेतले. देवाचे मूळ नावही तिच्याच नावावरून पडलेले: लोकेश्वर. पुढे ‘विरूपाक्ष’ रूढ झाले आणि राणी मागे पडली.

लोकमहादेवी हैहय म्हणजे कलचुरी कुळातली, बदामीचा चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य (इ.स. ७३३ ते सुमारे ७४४) याची पट्टराणी. तमिळ प्रदेशातल्या पल्लवांशी चालुक्यांचे वैर जुने होते. सुमारे ६४२ मध्ये पल्लवांनी बदामी जिंकून लुटली होती. विक्रमादित्याने उट्टे काढले, पल्लवांची राजधानी कांची तीनदा जिंकली, पण शहराची नासधूस केली नाही. उलट तिथल्या राजसिंहेश्वराची, म्हणजे आजच्या कैलासनाथाची संपत्ती देवाला परत केली आणि तसा कन्नड लेख त्याच देवळातल्या खांबावर कोरून ठेवला. शत्रूच्या देवळात आपल्या औदार्याची पाटी लावायची, ही खास राजांची हौस!

या विजयाचे स्मारक म्हणून ७४० च्या सुमारास राणीने लोकेश्वर उभारला. कांचीच्या कैलासनाथाची छाप त्यावर स्पष्ट दिसते. मुख्य सूत्रधार, म्हणजे देवळाचा स्थपती, ‘गुंड अनिवारिताचारी’ या नावाचा. त्याला ‘त्रिभुवनाचार्य’ ही पदवी दिल्याचे देवळावरच कोरले आहे. दक्षिण दिशेचा सूत्रधार म्हणून सर्वसिद्धी आचारीचेही नाव येते. कारागिरांची नावे आपल्याकडे सहसा हाती लागत नाहीत, म्हणून या ओळी मोलाच्या. आणखी एका लेखात राणी गवयांच्या संदर्भात दिसते: सासरे विजयादित्य यांनी त्यांना दिलेले हक्क तिने कायम केले. एरवी दानधर्माच्या ठराविक शब्दांत हरवणारी राणी इथे कारभार करताना भेटते.

शेजारचे मल्लिकार्जुनाचे थोडे लहान देऊळ तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचे, त्रैलोक्यमहादेवीचे. त्याचे मूळ नाव त्रैलोक्येश्वर. ही बहीण तिची सवतही होती. गादी मिळाली ती धाकटीच्या मुलाला, दुसऱ्या कीर्तिवर्म्याला. दोघी बहिणींची आणि त्यांच्या देवळांची नोंद ७५४ सालच्या स्तंभलेखात आहे. हा स्तंभ गंगेच्या उत्तर तीरावरून आलेल्या ज्ञानशिवाचार्यांनी उभारला आणि लेख उत्तरेच्या व दक्षिणेच्या अशा दोन्ही लिप्यांत कोरवला.

तोवर चालुक्यांचे दिवस भरले होते. राष्ट्रकूट दंतिदुर्गाने कीर्तिवर्म्याचा पराभव केला आणि काही वर्षांतच बदामीची सत्ता संपली. दंतिदुर्गाचा काका पहिला कृष्ण याच्या नावावर असलेल्या वेरूळच्या कैलास लेण्याचा आराखडा मात्र याच लोकेश्वराशी जुळतो. स्वतंत्र नंदीमंडप, त्यामागे सभामंडप, गाभाऱ्यावरचे द्राविड शिखर, सगळी मांडणी तीच. वेरूळ आधी पाहून पट्टदकलला गेलेल्याला पायरी चढतानाच ओळख पटते.