चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल का काढू नये

आमच्या सांगलीच्या दुकानात दुरुस्तीला येणारे ईसीएम (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) उघडले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मुख्य प्रोसेसर धडधाकट असतो, जळालेला असतो तो त्याच्या आधी बसवलेला नखाएवढा आयसी. बोलताना आम्ही त्याला पॉवर सप्लाय आयसी म्हणतो, त्याचे पूर्ण नाव मल्टिचॅनल स्टेप-डाउन कन्व्हर्टर. "बॅटरी तर बाराच व्होल्टची, मग हा जळला कशाने?" असे गिऱ्हाईक विचारतात. काउंटरवर घाईत ते नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

बारा व्होल्ट हे नावापुरतेच. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. गाडी चालू झाली की आल्टरनेटर तोच आकडा १४ च्या आसपास नेतो. गारठ्यात सेल्फ मारताना तो सात-आठवर आणि बॅटरी दमलेली असेल तर सहावरही येतो. इतक्या वरखाली होणाऱ्या सप्लायवर जी चिप चालवायची तिला मात्र फार थोडे आणि अगदी मोजून व्होल्ट लागतात. सेन्सर आणि कॅन लाइनला (गाडीतल्या डब्यांना एकमेकांशी बोलायची तार) ५, प्रोसेसरच्या पिनांना ३.३, मेमरीला दीडच्या जवळपास आणि प्रोसेसरच्या गाभ्याला साधारण १.२. गाभ्याच्या सप्लायमध्ये दहावा भाग इकडेतिकडे झाला तरी तो गडबडतो.

पूर्वी हे काम साधा रेग्युलेटर करायचा. जास्तीचे व्होल्ट तो उष्णता करून टाकून देतो. १४ मधून ५ व्होल्ट काढून एक अँपिअर घेतला, तर ५ वॅट कामाला येतात आणि ९ वॅट नुसते तापण्यात जातात. इंजिनाशेजारच्या बंद डब्यात एवढी उष्णता परवडत नाही. म्हणून आता बक कन्व्हर्टर, म्हणजेच वर सांगितलेला स्टेप-डाउन कन्व्हर्टर.

त्याचे काम गुऱ्हाळातल्या चरकाच्या जड चाकासारखे आहे. चाकाला सतत जोर लावावा लागत नाही, अधूनमधून झटका दिला तरी ते एका गतीने फिरत राहते. इथे जड चाकाची जागा कॉइल घेते. मॉस्फेट, म्हणजे झपाट्याने उघडझाप करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, चालू झाला की बॅटरीचा करंट कॉइलमध्ये शिरतो, बंद झाला की कॉइल आपल्यात साठलेल्या जोरावर तोच करंट पुढे ढकलत राहते. पुढचा कपॅसिटर उरलासुरला चढउतार सपाट करतो. १४ चे ५ करायचे तर मॉस्फेट एकूण वेळाच्या साधारण ३६ टक्के चालू ठेवायचा. बॅटरी उतरली तर तो जास्त वेळ चालू राहतो, चढली तर कमी. गाडीतल्या पुष्कळ कन्व्हर्टरमध्ये ही उघडझाप सेकंदाला वीस-बावीस लाख वेळा चालते. हा आकडा उगाच निवडलेला नाही. मध्यम लहरींचा रेडिओ सुमारे १६०० किलोहर्ट्झपर्यंत असतो, आकाशवाणी सांगलीचे १२५१ किलोहर्ट्झ त्यातच येतात. उघडझाप त्याच्या वर ठेवली की खरखर त्या पट्ट्यात पडत नाही. लायटरच्या सॉकेटमधला स्वस्त मोबाइल चार्जर लावल्यावर रेडिओ खरखरतो, कारण बहुतेक वेळा त्यात ही काळजीही नसते आणि फिल्टरही नसतो.

एकाच आयसीत असे तीन-चार कन्व्हर्टर ठेवले की जागा वाचते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळ्यांवर एकाचा ताबा राहतो. कुठला सप्लाय आधी द्यायचा आणि कुठला नंतर, हे प्रोसेसर बनवणाऱ्याने ठरवून दिलेले असते. क्रम चुकला तर करंट नको त्या वाटेने चिपमध्ये घुसतो. शिवाय सगळे मॉस्फेट एकदम उघडले तर बॅटरीकडून करंटचा मोठा हिसका बसेल. म्हणून उखळात दोघी आळीपाळीने मुसळ घालतात तसे ते पाळीपाळीने उघडतात. कुठलाही एक सप्लाय ढासळला की हाच आयसी प्रोसेसरला रीसेट देतो, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. सेल्फ मारताना मीटर विझून पुन्हा लागत असेल, तर ईसीएम काढायच्या आधी बॅटरी आणि बॉडी अर्थ तपासून घ्या. त्यासाठी आमच्याकडे यायचीही गरज नाही.

आता जळण्याबद्दल. आल्टरनेटर ठीक आहे का हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढायची जुनी सवय अजून गेलेली नाही. ज्या काळात ती पडली, तेव्हा गाडीत जळण्यासारखे इलेक्ट्रॉनिक्स फारसे नव्हते. बॅटरी चार्ज होत असताना ती अचानक सुटली की आल्टरनेटरचा करंट जाणार कुठे? आल्टरनेटरच्या आतल्या चुंबकाच्या कॉइलमधला (फील्ड कॉइल) जोर लगेच ओसरत नाही, म्हणून व्होल्टेज वर उसळते. या उसळीला लोड डंप म्हणतात. बारा व्होल्टच्या गाड्यांसाठी आंतरराष्ट्रीय चाचणीत ती १०१ व्होल्टपर्यंत आणि ४०० मिलिसेकंदांपर्यंत धरली आहे. आल्टरनेटरमध्येच संरक्षक डायोड असले तर ती ३५ च्या आसपास अडते. ते नसतील किंवा खराब झाले असतील, तर चाळीस व्होल्टपर्यंत टिकणारा आयसी तिथेच संपतो. त्यातला बॅटरीकडचा मॉस्फेट आरपार शॉर्ट झाला तर १४ व्होल्ट सरळ ३.३ च्या लाइनवर जातात, आणि मग प्रोसेसरही वाचत नाही. अशा बोर्डाला आम्ही दुरुस्ती होणार नाही असे स्पष्ट सांगतो. सांगताना वाईट वाटते, कारण दोन मिनिटांच्या तपासणीपायी ते झालेले असते. तपासणीसाठी मल्टिमीटर पुरे: चालू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.५ आले की चार्जिंग बरोबर, १५ च्या वर गेले तर आल्टरनेटर लगेच दाखवा.

टर्मिनल मुद्दाम काढले नाही तरी ढिले टर्मिनल तेच करते. फडातून ऊस भरून निघालेला ट्रॅक्टर चाकोरीत हिसके खातो, तेव्हा गंजलेले टर्मिनल क्षणभर सुटते आणि पुन्हा लागते. सीझन सुरू होण्याआधी टर्मिनल गरम पाण्याने धुऊन, घासून, कसून आवळा. ट्रकच्या २४ व्होल्टवरून १२ व्होल्टच्या गाडीला जंप देऊ नका. चासीवर किंवा जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग करायचे असेल तर इंजिन बंद करून आधी बॅटरी सोडवा.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आमच्याकडे आलेल्या ईसीएममध्ये किल्ली फिरवून पाहिलेल्यांची दशा सर्वात वाईट होती. ओल्या बोर्डावर सप्लाय आला की तांब्याच्या बारीक रेषा गळून जातात. गाडी बुडाली असेल तर किल्लीला हात न लावता निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि टो करून आणा.

ईसीएम आणताना काय घडले ते जसेच्या तसे सांगा, जंप दिला होता की वेल्डिंग केले होते हेही. बोर्डाला सप्लाय द्यायच्या आधी आम्ही प्रत्येक लाइन शॉर्ट आहे का ते मोजतो, ते आकडे बिलावर लिहितो आणि काढलेला आयसी तुमच्या हातात देतो.