छोट्या पार्टिशनचं घड्याळ २०३८ ला का अडतं?

लिनक्स सुरू होताना कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, लॉग चाळणाऱ्यांच्या नजरेला एक ओळ कधी ना कधी पडतेच: ही एक्स्ट-४ फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची पद्धत) २०३८ पर्यंतचेच टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेच्या नोंदी, ठेवू शकते. पहिला संशय डिस्कवर जातो, पण डिस्क ठणठणीत असते. मुख्य, मोठं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) तर चकार शब्द काढत नाही. तक्रार असते ती बऱ्याचदा बूटच्या, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींच्या, चिमुकल्या पार्टिशनची. एकाच डिस्कवर, एकाच प्रोग्रॅमने फॉरमॅट केलेल्या दोन भागांत हा दुजाभाव कसा?

त्यासाठी इनोड पाहावा लागतो. इनोड म्हणजे फाइलीची डिस्कवरची नोंद: मालक कोण, परवानग्या काय, आकार किती, मजकूर कुठे ठेवलाय आणि शेवटचा बदल कधी झाला. जुन्या पद्धतीत ही नोंद १२८ बाइटची असते. त्यात प्रत्येक वेळेच्या वाट्याला ३२ बिट येतात आणि १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद त्यात मोजले जातात. एक बिट अधिक-उणे चिन्हात जातो. उरलेल्या ३१ बिटांत २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही, आणि तो आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, जागतिक वेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो.

२५६ बाइटच्या इनोडमध्ये यावर जो तोडगा काढलाय, तो मला फार आवडतो. प्रत्येक वेळेला आणखी ३२ बिट दिले, ते मुळात नॅनोसेकंदांसाठी. सेकंदात नॅनोसेकंद शंभर कोटी, आणि ते मोजायला ३० बिट पुरतात. उरले दोन. ते दोन सेकंदांच्या मोजणीला जोडून टाकले, आणि मर्यादा २०३८ वरून थेट २४४६ वर गेली! चारशे वर्षांची सोय निव्वळ शिलकीतून झाली.

मग सगळीकडे २५६ का नाही? फॉरमॅट करणारा 'एमकेएफएस' पार्टिशनचा आकार बघून डिफॉल्ट ठरवतो. ५१२ एमबीपेक्षा लहान भागाला तो 'स्मॉल' समजतो, आणि अशा भागात जागा वाचावी म्हणून पूर्वी इनोड १२८ बाइटचा धरला जाई. हिशेब चुकीचा नव्हता. ५०० एमबीत दर ४ केबीमागे एक इनोड धरला तर सव्वा लाखाच्या वर इनोड होतात. १२८ बाइटने त्यांना सुमारे १६ एमबी लागतात, २५६ ने दुप्पट. एमकेएफएस ज्या संचात येतो, त्या ई-टू-एफएस-प्रॉग्सच्या २०२१ मध्ये आलेल्या १.४६.४ आवृत्तीपासून लहान भागांनाही २५६ हेच डिफॉल्ट झालं. पण इनोडचा आकार फॉरमॅट करतानाच ठरतो. नंतर सिस्टिम कितीही अपडेट करा, तो आपोआप बदलत नाही.

हा इशारा कर्नल ५.४ पासून दिसतो. लिहिण्यासाठी माउंट केलेल्या (वापरायला जोडलेल्या) फाइल सिस्टिमची मर्यादा पुढच्या तीस वर्षांच्या आत संपत असेल, तर कर्नल तसं सांगतो, एवढंच. २०३८ नंतर तारीख उलटी फिरून १९०१ होईल ही भीतीही इथे लागू नाही. कर्नल मर्यादेपलीकडची वेळ छाटून शेवटच्या सेकंदावर आणून ठेवतो. त्यामुळे त्या भागातल्या त्यानंतरच्या सगळ्या बदलांवर एकच वेळ पडेल. फाइली सुरक्षित राहतील, पण 'कोणती नवी?' हे वेळेवरून ठरवणारे बॅकअपचे आणि बिल्डचे (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणारे) प्रोग्रॅम फसतील.

तपासणी सोपी आहे. 'स्टॅट' कमांड चालवून वेळेतल्या दशांश चिन्हापुढचे नऊ अंक बघा. १२८ बाइटच्या भागावर ते सगळे शून्य असतात, आणि फाइल जन्मल्याची वेळही तिथे मिळत नाही. पक्कं उत्तर हवं असेल तर 'डंप-ई-टू-एफएस' इनोडचा आकार सरळ सांगतो.

उपाय मात्र थोडा रुक्ष आहे. 'ट्यून-टू-एफएस' इनोड मोठा करू शकतो, पण फ्लेक्स-बीजी ही सोय चालू असेल तर नकार देतो, आणि एक्स्ट-४ मध्ये ती बहुधा चालूच असते. चालला तरी मध्येच वीज गेल्यास डेटा जाऊ शकतो. बूटच्या भागासाठी फाइली बाजूला कॉपी करा, २५६ सांगून पुन्हा फॉरमॅट करा, फाइली परत ठेवा. नव्या फॉरमॅटने फाइल सिस्टिमची यूयूआयडी (तिची ओळख सांगणारा क्रमांक) बदलते, ती एफएसटॅबमध्ये, म्हणजे कोणता भाग कुठे जोडायचा त्या यादीत, दुरुस्त करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या बूटला वेगळाच इशारा समोर येईल.

एक्सएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांचं काम हलकं आहे. तिथे 'बिगटाइम' हा पर्याय भाग अनमाउंट करून चालू करता येतो आणि मर्यादा २४८६ पर्यंत जाते. जुने इनोड पुढे लिहिले जातील तसे बदलत जातात.

नवा प्रोग्रॅम असूनही १२८ च येत असेल, तर ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधली 'एमके-ई-टू-एफएस डॉट कॉन्फ' उघडा. कुणी हाताने बदललेली ही फाइल अपग्रेडनंतरही तशीच राहू शकते, आणि तिच्यातली 'स्मॉल'खालची जुनी ओळ नव्या डिफॉल्टला गप्प बसवते. डिस्क इमेज तयार करणाऱ्या स्क्रिप्टमध्येही हा आकडा ठोकून लिहिलेला सापडतो.