कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे: निचऱ्याचा गैरसमज

पाऊस ओसरला की गच्चीवरच्या कुंड्या रिकाम्या करून नव्याने भरण्याचे काम निघते आणि त्या वेळी तळाशी चार बोटे विटांचे तुकडे किंवा खापऱ्या घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्यामुळे पाण्याचा निचरा सुधारतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात परिणाम उलट होतो.

मातीच्या बारीक छिद्रांत पाणी केशाकर्षणाने (बारीक पोकळीत पाणी ओढून धरले जाण्याच्या गुणाने) धरून ठेवले जाते आणि खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये ते सहजासहजी उतरत नाही. तुकड्यांलगतची माती पाण्याने जवळजवळ पूर्ण भरल्यावरच ते खाली झिरपते. मातीच्या तळाशी असा ओला पट्टा थर नसतानाही राहतोच, आणि त्याची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या खोलीवर नव्हे. म्हणून ३० सेंमी खोल कुंडीत ५ सेंमी तुकडे भरले, तर तोच चिखलाचा पट्टा ५ सेंमी वर सरकतो आणि मुळांना हवेशीर माती तेवढीच कमी मिळते. खात्री करायची असेल, तर भिजवलेला स्पंज आधी आडवा धरावा आणि पाणी गळणे थांबले की उभा करावा. आणखी पाणी गळते, कारण त्याची उंची वाढलेली असते, पण तळाच्या ओल्या पट्ट्याची उंची तेवढीच राहते; कुंडीतल्या मातीचेही तसेच.

छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर एक खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवण्यास हरकत नाही. निचरा मात्र मातीतच साधावा लागतो: काळ्या मातीचे प्रमाण कमी ठेवून पोयटा, चाळलेले कंपोस्ट आणि भाताचे तूस सर्वत्र सारखे मिसळावे.