डोळ्यांवरची पट्टी: पाव्हियाच्या वटवाघळांपासून ठाण्याच्या शिबिरांपर्यंत

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की सकाळच्या पेपरातून पत्रकं गळू लागतात. पोहणं, चित्रकला, वैदिक गणित आणि त्यातच एखादं 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चं, म्हणजे मुलांचा झोपलेला मध्यमेंदू जागा करून देण्याचं. गेल्या दहा-पंधरा वर्षांत घोडबंदर रोडपासून वाशी-खारघरपर्यंतच्या पालकांना हे नाव चांगलंच ओळखीचं झालं आहे. दोन दिवसांचं शिबिर, कानावर पडणारं विशिष्ट संगीत, हजारो रुपये फी आणि शेवटी पालकांसमोर प्रात्यक्षिक. शाळकरी मूल डोळ्यांवर पट्टी बांधून पत्त्याचा रंग सांगतं, नोटेवरचा नंबर वाचतं, चित्रात रंगही भरतं. आई-बाबा मोबाइल सरसावून उभे असतात.

मध्यमेंदू म्हणजे शाळेच्या हॉलमधला पंखा नव्हे, कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत थांबायला. नजर फिरवणं, आवाजाच्या दिशेनं वळणं, जागं राहणं या सगळ्यात तो जन्मापासून राबत असतो. पण हे शरीरशास्त्र ऐकून कुठल्या पालकाचं मत बदललेलं मी पाहिलेलं नाही, कारण त्यांनी 'डोळ्यांनी' पाहिलेलं असतं. म्हणून मेंदूपेक्षा त्या पट्टीचीच चौकशी केलेली बरी. पट्टी बांधून अद्भुत शक्ती तपासण्याचा उद्योग सव्वादोनशे वर्षांहून जुना आहे आणि त्यातून काही वेळा खरोखरच नवं ज्ञान हाती लागलं आहे.

सुरुवात इटलीतल्या पाव्हिया शहरात, १७९३ साली. लाझारो स्पालान्झानी या निसर्गशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की खोलीतली मेणबत्ती विझली की त्याचं घुबड भिंतीवर आदळतं, वटवाघूळ मात्र मजेत उडत राहतं. त्यानं वटवाघळांचे डोळे झाकले. फरक पडला नाही. मग त्यानं काही वटवाघळांचे डोळेच निकामी केले. आज अंगावर काटा येईल असा प्रकार, पण त्या काळी यात कुणाला वावगं वाटत नसे. अशी आंधळी वटवाघळं त्यानं सोडून दिली आणि काही दिवसांनी पाव्हियाच्या चर्चच्या घंटाघरातून पुन्हा पकडून आणली. त्यांच्या पोटात डोळस वटवाघळांइतकेच किडे निघाले. म्हणजे ती नुसती उडत नव्हती, अंधारात शिकारही करत होती.

यावर 'त्यांना सहावं इंद्रिय आहे' असं जाहीर करून मोकळं होता आलं असतं. जिनिव्हातल्या लुई ज्युरिन या डॉक्टरानं पुढची खिडकी बंद केली. त्यानं वटवाघळांचे कान बुजवले आणि ती धडाधड आदळू लागली. स्पालान्झानीनं तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला आणि कौल मान्य केला. पण वटवाघळाचा आवाज तर कुणालाच ऐकू येत नव्हता. मग ते कानांनी बघतं काय? विद्वानांनी थट्टा केली. फ्रान्सच्या क्यूव्हिए या प्राणिशास्त्रज्ञानं पंखांच्या स्पर्शज्ञानाचा तर्क मांडला. क्यूव्हिए मोठा माणूस, त्यामुळे त्याची चूक शंभरेक वर्षं टिकली. हार्वर्डमधला डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी १९३८ साली वटवाघळं घेऊन जॉर्ज पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला, तेव्हा उत्तर सापडलं. पिअर्सकडे माणसाच्या कानाच्या मर्यादेपलीकडचे, सेकंदाला २०,००० कंपनांहून वरचे आवाज टिपणारं यंत्र होतं. ते वटवाघळांपुढे धरताच खडखडू लागलं. ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बोस यांनी दाखवून दिलं की प्राणी आवाज फेकतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतो. एका परिषदेत हे ऐकून एका ज्येष्ठ शास्त्रज्ञानं गॅलाम्बोसचे खांदे धरून त्याला गदागदा हलवलं, असं ग्रिफिननं पुढे लिहून ठेवलं आहे.

जाता जाता एक गोष्ट. ठाण्याजवळच्या येऊरच्या झाडांत उलटी लटकणारी, संध्याकाळी फळांच्या शोधात निघणारी मोठी वटवाघळं हे तंत्र वापरत नाहीत. ती डोळ्यांनी आणि नाकानं काम भागवतात. प्रतिध्वनीवर चालतात ती रस्त्यावरच्या दिव्याखाली किड्यांमागे गिरक्या घेणारी छोटी वटवाघळं. 'वटवाघूळ आंधळं असतं' असं आपण बिनदिक्कत म्हणतो, ते दोघांच्याही बाबतीत खोटं आहे.

पट्टीचा दुसरा मोठा खटला बर्लिनमधला. विल्हेल्म फॉन ओस्टेन या निवृत्त गणित शिक्षकाचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा, वजाबाक्या, अगदी अपूर्णांकही सोडवी. १९०४ साली मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या समितीनं तपासणी केली आणि लबाडी आढळली नाही असा निर्वाळा दिला. तो खराही होता. मग ऑस्कर फुंग्स्टनं बारकाईनं प्रयोग केले. घोड्याच्या डोळ्यांना मोठी झापडं लावली, प्रश्न विचारणारा दिसेनासा केला. घोड्याचं गणित कच्चं झालं. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, तेव्हाही तेच. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि घोडा तेवढ्यावर थांबायचा. फुंग्स्टनं तर स्वतः घोड्याच्या जागी बसून समोरच्याच्या मनातले आकडे ठोकून दाखवले.

आपल्याकडे 'पाऊस पडेल का?' विचारताच मान हलवणारा नंदीबैल अजूनही अधूनमधून सोसायटीच्या गेटवर येतो. त्याच्या मालकाला आपण इशारा करतो हे ठाऊक असतं. फॉन ओस्टेनला ठाऊक नव्हतं. १९०९ मध्ये मरेपर्यंत त्यानं फुंग्स्टचं म्हणणं मानलं नाही. मला या गोष्टीत घोड्याचं कौतुक जास्त वाटतं. गणित येत नव्हतं, पण माणसाच्या मानेची बारीकशी हालचाल त्यानं समितीतल्या प्राध्यापकांआधी टिपली होती.

माणसांच्या बाजूलाही सगळाच भोपळा नाही. पुष्कळ अंध लोकांना समोर भिंत आली की आधीच कळतं. त्यांना स्वतःला ते चेहऱ्यावर काहीतरी जाणवल्यासारखं वाटे आणि त्यामुळे 'चेहऱ्याची दृष्टी' अशी एक कल्पना रूढ झाली होती. १९४४ साली अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात मायकल सुपा, मिल्टन कॉटझिन आणि कार्ल डालेनबाख यांनी अंध आणि डोळे बांधलेल्या डोळस माणसांना भिंतीच्या दिशेनं चालवलं. सुपा स्वतः अंध होते. चेहरा झाकला तरी भिंत कळायची. कान बंद केले की माणसं थेट जाऊन धडकायची. इथेही कानच निघाले. डोळस लोकही सरावानं बऱ्यापैकी शिकले. शिबिरवाल्यांनी हे शिकवलं असतं तर मी फी भरली असती.

त्यांनी उचललं ते दुसरंच. १९२० मध्ये फ्रेंच लेखक जूल रोमँ यांनी त्वचेनं पाहता येतं असा दावा केला. १९६० च्या दशकात सोव्हिएत रशियातल्या निझ्नी तगील गावच्या रोझा कुलेशोवाचं नाव जगभर झालं. डोळे बांधून ती बोटांनी छापील मजकूर वाचते, रंग ओळखते असं सांगत. १९६६ साली विज्ञानलेखक मार्टिन गार्डनर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात त्यावर जे लिहिलं, ते ठाण्यातल्या प्रत्येक प्रात्यक्षिकाला आजही लागू पडतं. नाकाच्या दोन्ही बाजूंना, गालाच्या उंचवट्यापाशी फट राहते. कितीही घट्ट पट्टी बांधा, कापूस ठेवा, कपाळ आणि भुवया थोड्या हलवल्या की खालची वस्तू दिसते. जादूगारांचा हा जुना धंदा. डोळे बांधून भर रस्त्यात मोटारसायकल चालवण्याचा खेळ त्यावरच उभा आहे. गार्डनर यांनी उपायही सुचवला: पट्टी सोडा, डोक्यावर खांद्यांपर्यंत येणारी धातूची पेटी ठेवा.

विद्यापीठांतही हे सगळं शिरलं होतं. ड्यूक विद्यापीठात जे. बी. राइन यांनी पाच चिन्हांच्या २५ पत्त्यांचा खेळ मांडला आणि १९३४ मध्ये अतींद्रिय ज्ञान सिद्ध झाल्याचं जाहीर केलं. सुरुवातीचे काही पत्ते असे छापलेले होते की पाठीमागूनही चिन्हाचा अंदाज येई. आंध्र विद्यापीठात के. रामकृष्ण राव यांनी या विषयाचा विभाग उभा केला. पुढे टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून दोन्ही डोळ्यांवर ठेवण्याची पद्धत आली. दूरच्या खोलीतला माणूस बघत असलेलं चित्र चारांतून ओळखायचं, म्हणजे निव्वळ योगायोगानं २५ टक्के. १९९४ मध्ये बेम आणि हॉनर्टन यांनी सुमारे ३२ टक्के यश कळवलं. १९९९ मध्ये मिल्टन आणि वाइझमन यांनी नंतरचे ३० प्रयोग एकत्र तपासले तर परिणाम नाहीसा झाला होता. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण साठ-सत्तर वर्षं खपूनही हाती काही टक्क्यांची कुरबुर, तर दोन दिवसांत प्रत्येक मुलाला नोटेचा नंबर कसा वाचता येईल?

खरं गूढ पाहायचं तर ऐरोलीला जावं. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात, २०१५ मध्ये घोषित झालेल्या आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक 'रामसर' यादीत गेलेल्या त्या चिखलात, कच्छच्या रणाकडून पक्षी येतात, तेही बहुतेक रात्रीच्या प्रवासानं. पक्ष्यांना पृथ्वीचं चुंबकत्व कळतं हे फ्रँकफर्टच्या वोल्फगांग विल्टश्को यांनी १९६० च्या दशकात युरोपातल्या रॉबिन या छोट्या पक्ष्यावर दाखवलं, तेव्हा त्यांनाही फारसं कुणी गंभीरपणे घेतलं नव्हतं. हे ज्ञान बहुधा डोळ्यांतल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रथिनातून मिळतं असं आज मानतात. त्याचा छडा लावताना पुन्हा पट्टीच आली. २००२ मध्ये विल्टश्को यांच्या गटानं रॉबिनचा एकेक डोळा झाकून सांगितलं की फक्त उजवा डोळा हे काम करतो. २०११ मध्ये दुसऱ्या जर्मन गटानं दोन्ही डोळे करतात असं दाखवलं. त्याच गटातल्या, ओल्डेनबुर्गच्या संशोधकांना आणखी एक अडचण आली होती: विद्यापीठाच्या आवारात रॉबिनना दिशाच सापडेना. खोल्यांना ॲल्युमिनियमचं कवच घालून विद्युत उपकरणांचा रेडिओ-गोंगाट अडवला, तेव्हा दिशा परत आली. २०१४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पक्ष्यांच्या आतलं हे होकायंत्र नेमकं कसं चालतं यावर भांडण चालू आहे.

आपल्याकडे फट बुजवण्याचं काम प्रयोगशाळांपेक्षा कार्यकर्त्यांनी केलं. श्रीलंकेत राहणारे बुद्धिवादी डॉ. अब्राहम कोवूर यांनी १९६३ मध्ये चमत्कार सिद्ध करणाऱ्याला एक लाख रुपयांचं आव्हान दिलं. त्यांच्या यादीतली पहिलीच अट: मोहोरबंद पाकिटातल्या नोटेचा क्रमांक वाचून दाखवा. कोवूर १९७८ मध्ये गेले, बी. प्रेमानंद यांनी आव्हान पुढे चालवलं. रक्कम कुणी नेली नाही. महाराष्ट्रात मिडब्रेनच्या लाटेला अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे, कार्यकर्ते भिडले. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाला, त्याच महिन्यात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि वर्षअखेरीस कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं हा त्यात गुन्हा आहे. शिबिरवाले म्हणूनच 'चमत्कार' म्हणत नाहीत. 'मेंदूविकास' म्हणतात, अलीकडे 'इंट्युशन' किंवा 'थर्ड आय' म्हणतात.

राहता राहिलं ते मूल. त्याला फटीतून दिसतं हे पहिल्या काही मिनिटांतच कळत असावं. पण समोर सर उभे, बाकीची मुलं फटाफट वाचतात, फी भरलेली, टाळ्या तयार. खरं बोलायला त्या खोलीत जागाच नसते. म्हणून घरी तपासायचं असेल तर त्याला 'बघतोस ना?' असं दरडावून विचारू नये. पत्ता मांडीवर किंवा छातीशी न धरता कपाळाच्या वर धरावा, किंवा नाकाखाली एक जाड पुठ्ठा आडवा लावावा. अंदाज पाच-दहा पत्त्यांत येतो. आणि पत्ते नुकतेच पिसलेले, तुम्हालाही न दिसणारे असावेत. नाहीतर तुमच्या मानेकडे बघायला मुलं घोड्याहून हुशार असतात.