मधुमेह : निदानानंतरचा आहार आणि रक्तशर्करेचे घरगुती मापन

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचे निदान झाल्यावर रुग्णाने रोजच्या जेवणात करायचे बदल आणि त्या बदलांचा परिणाम घरीच ग्लुकोमीटरवर, म्हणजे बोटातल्या थेंबभर रक्तातली शर्करा मोजणाऱ्या यंत्रावर, पाहण्याची पद्धत. बोलीभाषेत या साऱ्याला ‘शुगर सांभाळणे’ म्हणतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. तिथे इन्सुलिनची सुई पहिल्या दिवसापासून लागते, पथ्य तिची जागा घेऊ शकत नाही.

उपाशीपोटीची रक्तशर्करा १२६ किंवा त्याहून अधिक (सर्व आकडे दर डेसिलिटरला मिलिग्रॅम), ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह मानतात. लक्षणे नसतील तर एकाच अहवालावर शिक्का न मारता चाचणी पुन्हा करतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज मांडला गेला. राज्यांमध्ये गोव्याचे प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के, होते.

‘मी तर बारीक, मग मला कशी?’ हा प्रश्न दवाखान्यात नेहमी ऐकू येतो. त्याचे उत्तर पुण्यातील केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील एका छायाचित्राने दिले. त्यात ते स्वतः आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सडपातळ दिसणारा भारतीय आतून मेदयुक्त असू शकतो, त्यामुळे कंबरेचे माप वजनाइतकेच महत्त्वाचे ठरते.

नव्या रुग्णाच्या घरातला पहिला वाद भात की भाकरी हा. भात बंद होतो आणि ‘भाकरी चालते’ म्हणून दोनाच्या तीन भाकऱ्या होतात. वास्तविक १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, गव्हाच्या पिठाहून फारशी कमी नाहीत. किती खाल्ले आणि कशाबरोबर खाल्ले, यावर जेवणानंतरची शुगर ठरते. मराठी ताटात डावी बाजू, म्हणजे चटणी, कोशिंबीर, लिंबू, तोंडी लावण्यापुरती असते. मधुमेह्याने तीच मोठी करायची. अर्ध्या ताटात कोशिंबीर, पालेभाजी, फळभाजी. पाव ताटात उसळ, घट्ट वरण, अंडी, मासळी किंवा पनीर. उरलेल्या पावात भाकरी, पोळी अथवा भात. बटाट्याची भाजी भाजीत धरायची नाही, तिचा हिशेब पोळी-भाताबरोबर. वरणही पातळ असेल तर त्यातून डाळ पोटात जाते ती नावापुरतीच.

खाण्याच्या क्रमानेही फरक पडतो. २०१५ साली न्यूयॉर्कमध्ये ११ रुग्णांवर झालेल्या छोट्या अभ्यासात तेच अन्न भाज्या आणि प्रथिने आधी, पाव नंतर अशा क्रमाने दिल्यावर जेवणानंतरची शुगर बरीच कमी चढली. जेवणानंतर चालल्यानेही ती उतरते, कारण चालताना स्नायू रक्तातले ग्लुकोज ओढून घेतात. शतपावली हा त्याचा जुना घरगुती अवतार, फक्त पावले शंभरावर थांबवू नयेत.

साखर मिठाईपेक्षा चहातूनच जास्त जाते. दोन चमच्यांचे चार कप म्हणजे दिवसाला ३० ते ४० ग्रॅम. गुळाच्या चहाने यात काही सुटका होत नाही, कारण गूळही मुख्यतः साखरच. उपवासाचे प्रकरण आणखी अवघड. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मधुमेह्याला शब्दशः लागू पडते: साबुदाणा जवळपास निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅममध्ये ८५ ग्रॅमहून अधिक कर्बोदके, आणि खिचडीत वर बटाटा. उलट बाजूचा धोका संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काहीच न खाणाऱ्यांना. ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांची शुगर एकदम खाली जाऊ शकते. महाराष्ट्रात डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसार केलेल्या, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येकी ५५ मिनिटांत जेवण्याच्या पद्धतीलाही हीच सावधगिरी लागू आहे. अशी औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांकडून मात्रा बदलून घेतल्याशिवाय ती सुरू करू नये. कारल्याचा रस, मेथीदाणे आवडीने घ्यावेत, पण गोळी बंद करण्याच्या भरवशावर नव्हे.

घरी रक्त तपासण्याची सोय फार जुनी नाही. पूर्वी लघवी तपासत. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात तिचे थेंब टाकून उकळायचे. निळा रंग टिकला तर साखर नाही, हिरवा, पिवळा, नारिंगी होत विटकरीवर गेला तर भरपूर. यातली गोम अशी की रक्तातली शुगर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय साखर लघवीत उतरतच नाही, आणि नीचांक तर या रंगांत दिसतच नाही. अमेरिकेतील एम्स कंपनीचे रक्तशर्करा मोजणारे यंत्र १९७० च्या सुमारास आले, ते डॉक्टरांसाठी. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेले अभियंते रिचर्ड बर्नस्टाइन यांनी ते डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावावर मागवले आणि दिवसातून अनेकदा स्वतःचे रक्त तपासू लागले. आपले म्हणणे वैद्यकीय जगाने ऐकावे म्हणून त्यांनी पुढे पंचेचाळिशीत वैद्यकीय शिक्षणाला प्रवेश घेतला.

आजचे यंत्र मुठीत मावते. हात साबणाने धुऊन पुसावेत. आंबा चिरलेल्या बोटावर खोटी, भलतीच मोठी शुगर येते. टोचायचे बोटाच्या कडेला, मधोमध नाही, तिथे दुखते जास्त. बोट जोराने पिळू नये. रक्ताचा थेंब ज्यांवर घेतात त्या पट्ट्यांची डबी लगेच बंद करावी, कारण दमट हवेत पट्ट्या खराब होतात, आणि मुदत संपलेली पट्टी वापरू नये. मीटरची अचूकता बेताचीच असते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे १०० च्या वरच्या मूल्यांत १५ टक्क्यांची तफावत चालते. खरी शुगर १६० असताना यंत्राने १३८ किंवा १८० दाखवले तरी ते नियमात बसते. तेव्हा कालच्या १४२ वरून आजच्या १४९ वर कपाळाला आठ्या घालण्यात अर्थ नाही.

मापनाचा खरा उपयोग जोडीने होतो: जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. बरेच जण दोन तास हात धुतल्यापासून मोजतात, ती चूक. समजा, सकाळी पोह्यांआधी ११८ आणि नंतर २१४ आली. दुसऱ्या दिवशी पोहे निम्मे घेतले, सोबत मोड आलेली मटकी वाढली आणि नंतरचा आकडा १६५ वर थांबला, तर त्या घरातला पोह्यांचा वाद मिटला. असे पदार्थागणिक करत गेले की महिन्याभरात स्वतःचा तक्ता तयार होतो, तो छापील आहारतक्त्यापेक्षा जास्त कामाचा. नुसती वही भरण्याला मात्र मोल नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातील ४५० रुग्णांच्या, इन्सुलिन न घेणाऱ्यांच्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज तपासणाऱ्यांचे आणि न तपासणाऱ्यांचे एचबीए१सी वर्षाअखेर सारखेच निघाले.

सकाळची शुगर रात्रीपेक्षा जास्त आली की रात्रीच्या जेवणावर आळ येतो. पण कारण बहुधा वेगळे असते: पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात, यकृत ग्लुकोज सोडते आणि काही न खाताही आकडा चढतो. अमेरिकी मधुमेह संघटनेच्या मते बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे लक्ष्य. ७० च्या खाली गेल्यास, हातांना कंप, घाम, धडधड होत असल्यास, १५ ग्रॅम साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचे नसते, थेट रुग्णालय गाठायचे.

एचबीए१सी ही साधारण तीन महिन्यांची सरासरी. ७ टक्के म्हणजे सरासरी १५४. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे, या गृहीतकावर ती उभी आहे. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आढळणाऱ्या सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारात तांबड्या पेशी लवकर मरतात आणि अहवाल फसवा कमी येतो, तर लोहाच्या कमतरतेने तो वाढू शकतो. अशा रुग्णांत बोटाच्या थेंबावर भिस्त अधिक.

निदान नुकतेच झाले असताना वजन उतरवण्याचा परिणाम सर्वांत मोठा दिसतो. ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत दिवसाला ८५० च्या आसपास कॅलरींचा आहार काही महिने घेतलेल्यांपैकी ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह वर्षाअखेर औषधांविना आटोक्यात होता, १५ किलो किंवा जास्त वजन घटवणाऱ्यांत ८६ टक्के. औषधे थांबवून किमान तीन महिने एचबीए१सी ६.५ टक्क्यांखाली राहिल्यास त्याला २०२१ पासून उपशमन म्हणतात. वजन परतले की शुगरही परतते, म्हणून अशा रुग्णांचीही एचबीए१सी, डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडे आणि पाय यांची तपासणी दरवर्षी करतात.